आवाज येतोय का?

आमच्या घरापुरते बोलायचे तर दिवसाकाठी सर्वांत अधिक वेळा उच्चारले जाणारे वाक्य 'जेवायला चला' हे नसून 'आवाज येतोय का?' हे आहे. वाक्य तसे नवे नाही. माझ्या लहानपणी ट्रंक कॉल लागला की पलीकडच्या गावाला उद्देशून लोक हेच ओरडत. तीन मिनिटांचा कॉल. त्यातले एक मिनिट 'आवाज येतोय का?' असे विचारण्यात, एक मिनिट 'येतोय, येतोय' असे सांगण्यात आणि उरलेल्या मिनिटात कोणाचे तरी बारसे नाहीतर बारावे. फोन बहुधा कोपऱ्यावरच्या दुकानात असे. त्यामुळे मुंबईला ऐकू जावो न जावो, आमच्या आळीला ती बातमी स्पष्ट ऐकू जाई.

रेडिओची तऱ्हा निराळी. वाड्यातल्या एका बिऱ्हाडात मोठा लाकडी रेडिओ होता. बटण फिरवले की आधी पिवळा उजेड पडायचा; मग आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे श्रोते गप्प बसून त्या उजेडाकडे बघत राहायचे. मधेच आवाज गेला तर रेडिओच्या मालकांना त्यावर एक रामबाण उपाय ठाऊक होता. ते उठत, पेटीच्या डाव्या गालावर एक चापट देत आणि पुन्हा सुपारी कातरायला बसत. दहांतल्या सात वेळा बातम्या जिथे तुटल्या होत्या तिथून पुढे सुरू होत. याला शास्त्रीय कारणही होते म्हणा! सैल झालेला व्हॉल्व्ह त्या धक्क्याने आपल्या खोबणीत नीट बसत असे. पण आम्हां मुलांना त्यात शास्त्र दिसत नसे. वडीलधाऱ्यांचा अधिकार तेवढा दिसे.

संगणकाशी असा मोकळा व्यवहार चालत नाही. त्याला चापट मारली तर गेलेला आवाज परत येत नाहीच, उलट आतली तबकडी जाण्याची भीती. त्याला समजूतीनेच घ्यावे लागते. आणि समजूत घालायची तर त्याचा स्वभाव माहीत हवा.

मुळात हा प्राणी जवळजवळ मुकाच जन्माला आला. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीने घरगुती वापराचा तिचा प्रसिद्ध संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याला एक छोटासा स्पीकर होता खरा. पण त्यातून 'बीप' यापलीकडे फारसे काही निघत नसे. सुरू होताना एकदा 'बीप' म्हणाला तर प्रकृती ठीक, जास्त वेळा म्हणाला तर काहीतरी दुखते आहे, असा तो तान्ह्या मुलासारखा हिशेब होता. पुढे १९८७ मध्ये कॅनडातल्या ॲडलिब कंपनीची आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीची 'साउंड ब्लास्टर' ही ध्वनीची पाटी निघाली. ती आत बसवली म्हणजे संगणक गाऊ लागे. मात्र बसवणाऱ्याच्या तोंडचे पाणी पळे. प्रत्येक पाटीला हाक मारण्यासाठी एक नंबर द्यावा लागे. पाच किंवा सात हे ध्वनीच्या पाटीचे नेहमीचे नंबर. तोच नंबर आणखी कोणाला दिलेला असला की दोघेही रुसून बसत. एका नळावर दोन बिऱ्हाडे, दुसरे काय! आता ते सारे कार्य मुख्य पाटीवरच्या नखाएवढ्या तुकड्यात उरकते आणि नंबरांची वाटणी संगणक आपली आपणच करतो.

तरी आवाज जायचा तो जातोच. आमच्या शेजारचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने मला हे प्रकरण नळाच्या भाषेत समजावून सांगितले, आणि पुण्यात उभा जन्म गेल्यामुळे ती भाषा मला चटकन समजली. गच्चीवर टाकी भरलेली आहे. पण तिच्या तोंडाशी एक कॉक आहे, जिन्यात दुसरा, मोरीत तिसरा, आणि शेवटी नळ. यांतला कोणताही एक बंद असला तरी बादली कोरडीच. संगणकातही तसेच. ज्या प्रोग्रॅममधून आवाज यायचा त्याचा कॉक निराळा, साऱ्या यंत्राचा निराळा, स्पीकरच्या अंगावर एक फिरकी असते ती निराळी, आणि कळफलकावर एक कळ अशी असते की पुसताना फडक्याचा कोपरा लागला तरी घर मुके होते. शिवाय पाणी कोणत्या मोरीत सोडायचे हेही ठरवावे लागते. यंत्राच्या पाठीला रंगीत भोके असतात. हिरवे स्पीकरचे, गुलाबी मायक्रोफोनचे, फिके निळे बाहेरचा आवाज आत घेण्याचे. या रंगांची वाटणी १९९९ सालच्या संगणकांसाठी ठरली होती आणि अजून चालते. हिरव्यात घालायचे ते गुलाबीत घातले की मनुष्य तासभर घाम गाळतो आणि यंत्र निर्विकारपणे बसून राहते.

हे सगळे कळून घेण्याची निकड मला पडली ती यंदा, म्हणजे २०२५ च्या श्रावणात. कारण होते माझी आई.

आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, चौऱ्याऐंशी वर्षांची. ती लग्न होऊन इंदूरला गेली आणि तिथलीच झाली. तिच्या मराठीत आता पोह्यांवर शेव पडावी तशी मधूनमधून हिंदी पडते. दोघींपैकी कोणीच आता प्रवास करू शकत नाही. मावशीचा खुबा मोडलेला, आईचे गुडघे गेलेले. म्हणून गेली तीन वर्षे रोज संध्याकाळी पाच वाजता त्या संगणकावर भेटतात. फोनवर बोलणे आईला पुरत नाही. "तोंड दिसल्याशिवाय मला तिचं बोलणं कळत नाही," असे ती म्हणते. स्पीकरचा आवाज खोलीत घुमतो म्हणून ती कानांवर हेडफोन चढवून बसते. काठापदराचे लुगडे, कपाळाला बारीक कुंकवाची जुनी खूण आणि डोक्यावर ते काळे कडे. विमान चालवायला निघाल्यासारखी दिसते. बोलणे काय, तर आज भाजी कोणती केली, आणि सत्तर वर्षांपूर्वी परसातला पेरू कोणी तोडला होता. त्या पेरूचा निकाल अजून लागलेला नाही.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आईला अक्षरे मोठी दिसावीत म्हणून मी मोठा मॉनिटर आणला. त्यासाठी टेबल सरकवले, तारा सोडवल्या, पुन्हा जोडल्या. पाच वाजता मावशी पडद्यावर आली. केवढी मोठी दिसत होती! तिचे ओठ हलले. आवाज मात्र नाही.

शेजारच्या मुलाला हाक मारली. त्याने खुर्ची ओढली आणि म्हणाला, "काका, आधी मिक्सर उघडून बघू." आतून आमची सौभाग्यवती धावत आली, तिला वाटले, तिच्या चटणीच्या भांड्यावर संकट आले. त्याचा मिक्सर म्हणजे सर्व कॉक एका रांगेत दाखवणारी पडद्यावरची पाटी, हे कळल्यावर ती परत गेली, पण ते भांडे तिने फळीवरून काढून वरच्या कपाटात ठेवले.

दोष निघाला तो मजेदार होता. नव्या मॉनिटरला जी तार जोडली होती तिला एचडीएमआय म्हणतात. ती चित्र आणि आवाज दोन्ही एकदम वाहून नेते. त्या मॉनिटरला स्पीकर नाही, पण हेडफोन लावण्यापुरते एक भोक आहे. तेवढ्या भांडवलावर त्याने संगणकाला कळवले की, आवाज माझ्याकडे पाठवलात तरी चालेल. संगणकाने विश्वास ठेवला आणि मावशीचे सारे बोलणे त्या रिकाम्या भोकाकडे पाठवून दिले. मुलाने आवाज कुठे सोडायचा ते पुन्हा ठरवून दिले. स्पीकरमधून मावशी कडाडली, "ताई, अगं सुन रही है क्या?" आम्ही सगळे हसलो. त्याने हेडफोन लावले, एक वाटी कानाशी धरून पाहिली, मान डोलावली आणि ते आईच्या डोक्यावर चढवले.

आई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही येत."

मी हेडफोन काढून घेतले, एक वाटी कानाला लावली. मावशी स्पष्ट बोलत होती. पुन्हा आईला घातले. "नाही येत." मुलाने आवाज वाढवला. "नाही." आणखी वाढवला, इतका की तीन हातांवर उभ्या असलेल्या मला मावशी ऐकू येऊ लागली. आई म्हणाली, "कुठंतरी लांब काहीतरी होतंय. ती नाही बोलत."

पुढचे चार दिवस आमच्या घरात दोन तर्क चालू होते. आमचा तर्क असा की, आईचे कान आता पूर्ण गेले. वय झाले आहे. आज ना उद्या हे व्हायचेच होते. कानांच्या डॉक्टरची वेळ घ्यायचे ठरले. आईचा तर्क मात्र निराळा होता आणि तो ती कोणालाच सांगत नव्हती. पाच वाजले की ती निमूट येऊन बसे, बहिणीच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहून मान डोलावी, दहा मिनिटांनी हेडफोन काढून ठेवी आणि आत जाऊन पडे. जेवण निम्म्यावर आले. तिसऱ्या रात्री तिने मला जवळ बोलावले.

"तुम्ही सगळं बोलता ते मला ऐकू येतंय की नाही?"

"येतंय."

"मग तिचंच कसं येत नाही? तिची वाचा गेली आहे. खरं सांग. तुम्ही मला सांगत नाही आहात."

ही शंका तिने हवेतून काढलेली नव्हती. माझ्या मामांची वाचा १९९८ साली अर्धांगाच्या झटक्याने गेली, तेव्हा इंदूरच्या मंडळींनी तिला एक महिना काहीही कळवले नव्हते. तिला धक्का बसेल म्हणून. शेवटी ती भेटायला गेली तेव्हा मामांचे ओठ हलत होते, नुसतेच हलत होते. आता ती रोज पाच वाजता तेच पाहत होती, फक्त अधिक मोठ्या पडद्यावर. मी शपथा घेतल्या. फोन लावून दिला. तिने फोन कानाला धरला, मावशी बोलली, आणि आईने फोन मला परत दिला. "ही बेबी नव्हे. तिची सून असेल. फोनवर आवाज सारखेच वाटतात."

चौथ्या दिवशी मुलगा कॉलेजातून परस्पर आमच्याकडे आला. या पिढीविषयी लोक काहीही बोलोत, पण बिघाड सापडला नाही तर या मुलाला झोप येत नाही, आणि माझ्या मते हा गुण पदवीपेक्षा मोठा आहे. त्याने ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. ड्रायव्हर म्हणजे यंत्राची भाषा तुकड्याला सांगणारा दुभाषा. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. सारे ठीक. मग त्याने तपासणीचे एक बटण दाबले. त्यात संगणक आधी डाव्या स्पीकरमधून एक सूर वाजवतो आणि मग उजव्या. या वेळी त्याने हेडफोन नीट दोन्ही कानांवर घातले होते. डावीकडे सूर वाजला. उजवीकडे तो वाट पाहत राहिला. पुन्हा दाबले. डावीकडे सूर, उजवीकडे काही नाही.

हेडफोनची पिन आपण रोज हाताळतो, पण तिच्याकडे निरखून कधी पाहत नाही. तिच्यावर काळ्या रेघा असतात आणि त्या रेघांनी तिचे तीन भाग पडतात. अगदी टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे, आणि मागचा भाग दोघांत सामाईक. या पिनेचा मोठा पूर्वज एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका फळीवरच्या भोकांत खुपसत असत. आमच्या पिनेपाशी तार वाकली होती. टेबल सरकवताना पायाखाली सापडून उजव्या कानाची बारीक तार आतल्या आत तुटली होती. वरचे रबर धडधाकट. डावा कान चालू असल्यामुळे जो कोणी एक वाटी कानाशी धरून पाही त्याला मावशी ऐकू येई.

"पण मग आजींना डावीकडून तरी यायला हवं होतं," तो म्हणाला; आणि पोराच्या जातीने जे मनात आले ते सरळ विचारून मोकळा झाला, "आजी, तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही का?"

आईने माझ्याकडे पाहिले, मग सुनेकडे. पदर सारखा केला. "नाही येत," ती म्हणाली. "नऊ वर्षांची होते. ताप आला, कान फुटला. तेव्हापासून."

मी सहासष्ट वर्षांचा आहे. हे मी प्रथमच ऐकत होतो.

मुलाला त्यात काही विशेष वाटले नाही. त्याने हेडफोन उलटे केले, डावी वाटी उजव्या कानावर येईल असे आईच्या डोक्यावर चढवले आणि इंदूरला फोन जोडला. मावशी पडद्यावर आली. तिने नेहमीचा प्रश्न विचारला. आईने उत्तर दिले नाही. तिने दोन्ही हातांनी ती वाटी कानावर घट्ट दाबून धरली आणि म्हणाली, "बेबी, पेरू तूच तोडला होतास."

नंतर एकेक उलगडत गेले. आईचे लग्न १९५७ सालचे. मुलगी पाहायला मंडळी येणार तेव्हा आजोबांनी दोघी बहिणींना बजावले होते की, विचारल्याशिवाय कानाचे बोलायचे नाही. आईला सतरंजीवर अशी बसवली की डाव्या हाताला भिंत. सोळा वर्षांची मावशी तिच्या उजवीकडे, कोणी हळू बोलले तर कोपराने खूण करायला. कोणी विचारले नाही. "डावीकडं भिंत असली की बाई निर्धास्त," आई म्हणाली. आणि मला आमची सगळी बिऱ्हाडे आठवली. वाड्यातली दीड खोली, नंतरची चाळ, आताचा फ्लॅट. प्रत्येक ठिकाणी आईची बसायची जागा भिंतीच्या उजवीकडे होती. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती ओळीचे डावे टोक धरी.

दोन कान माणसाला कशाला दिले आहेत, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. एका बाजूने आलेला आवाज जवळच्या कानात आधी पोचतो आणि लांबच्या कानात जरा उशिरा. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. लंडनमध्ये ॲलन ब्लमलिन नावाचा एक इंजिनिअर होता. तो पत्नीबरोबर बोलपट पाहत असता त्याच्या मनात आले की, नट पडद्याच्या एका टोकाला असतो आणि आवाज भलतीकडून येतो, असे सांगतात. त्याने १९३१ साली दोन कानांसाठी दोन वाटांनी आवाज नेण्याची युक्ती नोंदवली. तिच्या तबकड्या बाजारात आल्या १९५८ मध्ये, आईच्या लग्नानंतर एका वर्षाने. एका कानाच्या माणसाला दिशा कळत नाही. आम्ही तिला हाक मारली की ती आधी स्वयंपाकघराकडे पाही, मग मोरीकडे, आणि मग आम्ही सापडत असू.

"बाबांना माहीत होतं?" मी विचारले.

"मी नाही कधी सांगितलं. त्यांनी नाही कधी विचारलं." मग थोड्या वेळाने, "पण रस्त्यानं जाताना ते नेहमी माझ्या उजव्या हाताला चालायचे. गाड्यांच्या बाजूला मी आले तरी."

शेजारच्या मुलाने पिन कापली, नवी आणली आणि तारांना डाग देऊन हेडफोन दुरुस्त केले. नव्या हेडफोनचे पैसे मी देऊ केले होते. त्याला ते पटले नाही. शिवाय त्याने संगणकात एक सोय चालू केली, ती मला फार आवडली. तिचे नाव मोनो. दोन्ही वाटांचा आवाज एकत्र करून तोच दोन्ही कानांना द्यायचा. ही सोय हल्लीच्या फोनमध्येही असते; सोयींच्या यादीत कुठेतरी तळाशी दडलेली. जिचा एकच कान चालतो तिला निम्मे पाणी गटारात सोडावे लागत नाही. दुपारी आई भजने ऐकते. मोनो चालू केल्यावर तिसऱ्या दिवशी ती मला विचारत होती, "या भजनाला सारंगी कधीपासून आहे रे?" सारंगी पहिल्यापासून होती, डावीकडे.

टेबल पुन्हा सरकवले, ते भिंत डाव्या हाताला येईल असे. डॉक्टरची वेळ आम्ही रद्द केली नाही, उजवा कान अजून बराच चांगला आहे असे निदान झाले, आणि आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला आई हात करून सांगते, "इकडून बोला."

हे सारे मावशीला कळले तेव्हा मात्र तिचा पारा चढला. अडुसष्ट वर्षे तिने हे गुपित नवऱ्याला सांगितले नव्हते, मुलांना सांगितले नव्हते, आणि ताईने ते शेजारच्या कोणा पोराला एका प्रश्नासरशी सांगून टाकावे! भांडण चांगले अर्धा तास चालले. मी दाराशी उभा होतो. पण आईच्या कानांवर हेडफोन असल्यामुळे मला त्यातले निम्मेच ऐकू आले.